मेण लावलेली मलमल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवळात विठ्ठलासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा नाही — तिथे मी मुद्दाम भलत्याच गोष्टी बोलत राहिले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या मैसूरला आलात, अग्रहारात माझ्या दुकानासमोरून गेलात, तरी तुम्हाला वाटेल, कुणी बाई मशीनवर ब्लाउज शिवत बसली आहे. बस.

मी एका माणसाचा सूड घेतला. घ्या — सांगून टाकलं. पण 'सूड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं येणार. आरडाओरडा, पोलीस, कोर्टकचेरी. माझा सूड करंगळीएवढा होता. कापडाचा होता. त्याच्यावर मी नीट इस्त्री फिरवली होती.

थांबा, असं नाही कळायचं. आधीपासून सांगते. मला सरळ बोलायला जड जातंय, तेवढं समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

आमचा एक ग्रुप आहे. 'हिममंडळी' नावाचा. हसलात ना? सगळे हसतात. मैसूरला कुठलं आलंय हिम? इथे जानेवारीत पारा बारा-तेरावर उतरला तरी लोक कानटोप्या घालून फिरतात. पण म्हणूनच तर आम्हाला वेड. मंडी मोहल्ल्यात कॉफीपूड विकणारा शिवण्णा ग्रुपचा कारभारी, बाकी आम्ही दहा-बारा जण. डिसेंबर लागला की सगळे मोबाइलवर हवेचे नकाशे उघडून बसणार. पश्चिमेकडून हिमालयाकडे झंझावात निघाला का, हिमाचलावरचा निळा डाग जांभळा झाला का. आणि फेब्रुवारीत सगळ्यांनी मिळून बर्फ बघायला जायचं. तीन वर्षं गेलो. तिन्ही वेळा ऊन. एकदा रस्त्याच्या कडेला जुना, चिखलाने मळलेला बर्फाचा ढीग दिसला, तर शिवण्णाने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. पडताना बर्फ कुणीच बघितला नव्हता.

जायची तारीख कुणी ठरवायची याचा आमचा एक रिवाज आहे. अख्खा जानेवारी प्रत्येकाने रोज संध्याकाळी ग्रुपवर एक आकडा टाकायचा — उद्या पहाटे मैसूरचा पारा किती खाली जाणार. सकाळी सरकारी आकडा आला की ताडून बघायचं. महिनाअखेर ज्याचे अंदाज सगळ्यात जवळ, त्याला तारीख काढायचा मान. तो सांगेल त्या दिवशी सगळे निघणार, कुणी हूं की चूं करायचं नाही. तुम्हाला पोरखेळ वाटेल. आम्हाला तो मान फार मोठा.

मी या नादाला लागले ती सासऱ्यांमुळे. त्यांना दमा. थंडी वाढली की छाती भरायची. म्हणून मी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली एक थर्मामीटर टांगला. रोज सकाळी साडेसहाला आकडा बघायचा आणि त्यांच्या खोलीच्या खिडक्या उघडायच्या की नाही ते ठरवायचं. वहीत लिहून ठेवायचा. शेवटच्या हिवाळ्यात ते स्वतः काठी टेकत वर यायचे आणि कापऱ्या हाताने लिहायचे. ते गेले, माझी सवय राहिली. बारा वर्षं. एक दिवस चुकला नाही हो. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नऊवारी सावरत वर जाऊन आकडा बघून आले. शिवण्णाने त्या सगळ्या वह्या ग्रुपच्या तक्त्यात चढवल्या. माझ्या नावाचा रकाना सगळ्यात लांब होता. त्याचा मला गर्व होता. होताच.

मग दामले सर आले.

पुण्याकडे चाळीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर लेकीकडे, अनघाकडे, जयलक्ष्मीपुरमला राहायला आले. उंच, ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. गच्चीवर त्यांनी खास सुताराकडून पांढरी, झडपांची पेटी करून घेतली, आत थर्मामीटर, सगळं शास्त्रशुद्ध. ग्रुपवर आल्या आल्या सगळ्यांच्या चुका काढायला सुरुवात. माझ्या मराठीच्यासुद्धा. आता आम्ही किती पिढ्या इथले — बोलता बोलता कन्नड कधी शिरतं आम्हालाच कळत नाही. मी 'सुम्मने लिहिलं' म्हटलं की सर खाली लिहिणार, 'उगाच लिहिलं, असं म्हणावं.' म्हणू दे. ते मी गिळलं.

पण गेल्याच्या आदल्या डिसेंबरात एका रविवारी सगळे माझ्या गच्चीवर कॉफीला जमले. मी हौसेने उप्पिट केलं होतं, गोड शिऱ्यासारखा केसरीबात केला होता. सरांनी खिशातून टेप काढली. माझ्याच धंद्यातली टेप! थर्मामीटरपासून पत्रा किती लांब, फरशी किती खाली, भिंत कुठे — मोजत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सरोजताई, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्या नोंदी हवेच्या नाहीत. पत्र्याच्या आहेत."

सगळे हसले. अहो, हसले म्हणजे काय — माझ्याच घरचा केसरीबात तोंडात, आणि हसले. पत्रा पहाटे हवेपेक्षा जास्त गार होतो, म्हणून माझा आकडा नेहमी कमी यायचा, असं सरांनी समजावून सांगितलं. फळ्यावर समजावतात तसं. त्याच संध्याकाळी शिवण्णाने तक्त्यातून माझा रकाना काढून टाकला. फोन केला बिचाऱ्याने, "अक्का, बेजार माडकोबेडी," म्हणाला. मनाला लावून घेऊ नका! बारा वर्षं पुसून टाकायची, आणि मनाला लावून घ्यायचं नाही? त्या वह्यांत सासऱ्यांच्या हातचे आकडे होते. त्यांचा शेवटचा हिवाळा त्या माणसाने एका वाक्यात पत्र्याचा करून टाकला.

आणि खरं सांगू? बरोबर होतं त्यांचं. तेच तर जास्त झोंबलं. चूक असते तर मी भांडले असते, चार शब्द ऐकवले असते, मोकळी झाले असते. बरोबर असलेल्या माणसाशी भांडणार काय?

त्यानंतर ग्रुपवर माझं नाव पडलं — पत्रा अक्का. सकाळी कुणीतरी विचारणार, आज पत्रा काय म्हणतोय? एकदा सरांनीच विचारलं, पुढे हसरा चेहरा लावून. मी पण हसरा चेहरा पाठवला.  मशीनवर बसले तर सुई मोडली.

आता ऐका. पंधरा दिवसांनी हाच माणूस माझ्या दुकानात आला. हसतमुख. काही घडलंच नाही असा. कळलंच नव्हतं हो त्याला! मला चिरून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. हातात मलमलीचा तुकडा. "सरोजताई, तुमच्याशिवाय हे काम कुणाला जमणार नाही."

काम असं होतं. त्यांच्या पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक कोरडा. दुसऱ्याच्या खालच्या, पाऱ्याच्या फुग्याला मलमलीचा लहानसा मोजा घालायचा, आणि मोज्याची लांब शेपूट खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडायची. पाणी शेपटीतून वर चढतं, मोजा ओला राहतो. हवा जितकी कोरडी तितकं ते पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर गार पडतो. संध्याकाळी दोघांतला फरक बघायचा. फरक मोठा म्हणजे हवा कोरडी, म्हणजे पहाटे गारठा जास्त. त्यावरूनच सर रोजचा अंदाज काढायचे, आणि नेम अचूक लागायचा त्यांचा. मोजा मळला की बदलावा लागतो. सहा मोजे शिवून हवे होते. "फक्त कापड उकळून कांजी पूर्ण काढा हं. कांजी राहिली तर पाणी नीट चढत नाही."

पाणी नीट चढत नाही. हे मला त्यांनीच सांगितलं. मागून मी कितीदा तरी स्वतःला विचारलं, त्यांनी ते वाक्य उच्चारलं नसतं तर? काही नाही. मला दुसरं काहीतरी सुचलं असतं. त्या दिवसांत मी दुसरा विचारच करत नव्हते.

मी कापड दोनदा उकळलं. कांजीचा कण राहू दिला नाही. सहा मोजे शिवले, इतके सुबक की फुग्यावर कातडीसारखे बसावेत. मग ड्रॉवरमधून मेण काढलं. बटणं लावायचा दोरा गुंतू नये म्हणून आम्ही तो मेणावरून ओढतो, ती वडी प्रत्येक शिंप्याकडे असते. मोजा आणि शेपूट जिथे जुळतात, बरोबर तिथे, बोटभर रुंदीत, ते मेण मी हलक्या हाताने फिरवलं. वर गरम इस्त्री दाबली. मेण कापडात जिरलं. दिसायला काही नाही, हाताला काही नाही. एकेक करून सहाही मोज्यांना लावलं. घाई केली नाही. गुणगुणत होते मी! इतक्या निगुतीने मी लग्नाच्या शालूचा ब्लाउजसुद्धा शिवलेला नाही.

पाणी अगदी बंद होऊ नये, कमी चढावं, एवढंच मला हवं होतं. तसंच झालं. मोजा दमट राहायचा, ओला नाही. थर्मामीटर पुरता उतरायचा नाही. सरांना वाटायचं, हवेत ओल आहे, पहाट फार गार नसणार. ते पंधरा म्हणायचे, पारा तेरावर. दुसऱ्या दिवशी साडेपंधरा म्हणायचे, पुन्हा तेरा. जानेवारीच्या सुरुवातीला जुन्या मोज्यावर सर सगळ्यांच्या पुढे होते. माझे मोजे चढले आणि ते रोज घसरायला लागले.

रोज सकाळी सरकारी आकडा यायचा, आणि मी चहाचा कप हातात धरून त्यांच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचे. काय सुख होतं ते! खोटं कशाला बोलू? चहा गोड लागायचा. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सर, पेटीवर पत्रा घातला की काय? मी त्या मेसेजला 'लाइक'चा अंगठा दिला.

सर हट्टी माणूस. पाणी बदललं, बाटली बदलली. मोजा बदलला — माझ्याच सहांतला दुसरा घातला. मग तिसरा. शेवटी दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सरोजताई, रागावू नका, विचारतो. कापडात कांजी राहिली नसेल ना?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "विठ्ठलाची शपथ सर. दोनदा उकळलंय."

शपथ खरी होती. कांजी नव्हतीच. माझ्यासारख्या बाईला शपथ खोटी घ्यायला नको वाटतं, आणि खरी शपथ कशी वापरायची तेही बरोबर कळतं. ते लगेच म्हणाले, "नाही नाही, तुमच्या हातून होणारच नाही. माझंच काहीतरी चुकतंय." आणि माझी माफी मागितली. माझी!

तेव्हा सांगायला हवं होतं ना? हो. तेव्हा सांगितलं असतं तर एक शिवी खाऊन सुटले असते. नाही सांगितलं. ते पायरी उतरून गेले आणि मी पुन्हा मशीनचं चाक फिरवलं.

त्यांना वाटलं, डोळे गेले. थर्मामीटरच्या बारीक रेघा आपल्याला नीट वाचता येत नाहीत. अनघा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, विशीतल्या पोराचे असावेत तसे. मला हे अनघाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं बाई, काळजी मिटली. तर ती माझ्या काउंटरला टेकून रडायला लागली.

डोळे ठीक आहेत म्हटल्यावर सरांनी सरळ हिशेब केला — मग डोकं बिघडलंय. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं म्हणे. आधी आकडे चुकायला लागले, मग रस्ते, मग माणसं. शेवटी ते सरांनासुद्धा ओळखेनात. सरांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती याचीच. अनघा म्हणाली, "बाबा स्कूटरची किल्ली माझ्याकडे देऊन बसलेत. नातीचं गणित घ्यायचं बंद केलंय. मी चुकीचं शिकवीन म्हणतात."

मी तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. आणि मेणाची वडी — ती अशी समोरच होती, कात्रीच्या शेजारी. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. तुम्हाला वाटत असेल, तेव्हा तरी माझं काळीज हललं असेल. हललं. पण काय म्हणून हललं, ते सांगू? मला वाटलं, आता कळलं ना सर, आपलं सगळं लिहिलेलं पुसलं गेलं की कसं वाटतं?

जानेवारी संपायच्या आत त्यांनी ग्रुपवर लिहिलं. शुद्ध मराठीत, एक मात्रा चुकली नव्हती. 'माझ्या या महिन्यातील सर्व नोंदी कृपया काढून टाकाव्यात. त्या विश्वसनीय नाहीत. यापुढे माझ्या अंदाजावर कुणी अवलंबून राहू नये.' मी तो मेसेज तीनदा वाचला. माझा रकाना त्यांनी काढायला लावला होता, आता स्वतःचा स्वतःच्या हाताने काढायला लावला. यापेक्षा पुरता सूड असतो का हो? मनातल्या मनात मी टाळी वाजवली.

मान मला मिळाला; रकाना गेला तरी रोजचा अंदाज मी टाकतच होते. हसू नका, माझे अंदाज खरंच चांगले होते. हवा कोरडी झाली की मशीनवर दोरा जास्त तुटतो, मला बोटांना कळतं. फेब्रुवारीत झंझावात कधी पोचणार ते नकाशे बघून मी तारीख काढली. सर येणार नव्हते. एकटे भाजी आणायलाही जात नव्हते ते आता. विमानतळावर हरवलो तर, म्हणाले.

निघायच्या दोन दिवस आधी अनघा त्यांना घेऊन दुकानात आली. मी बघतच राहिले. शर्टाच्या खिशाला पेन नव्हतं. बटण एक वर एक खाली लागलं होतं. त्यांनी मला एक भिंग दिलं आणि घडी केलेला कागद. बर्फाचा कण कुठल्या आकाराचा पडणार हे वर ढगात किती थंडी आहे त्यावर असतं म्हणे. कधी नुसत्या सुया पडतात, कधी चुरा, आणि ठरावीक थंडी असेल तरच सहा हातांची चांदणी. नकाशावरचे वरच्या हवेचे आकडे घेऊन सरांनी तीन दिवस बसून गणित केलं होतं. कागदावर एकच ओळ होती. 'चांदणी पडेल. सहा हात.'

"तीनदा तपासलंय," ते म्हणाले. "हे एवढं बरोबर आलं, तर मी म्हणेन की अजून काहीतरी शिल्लक आहे. नाही आलं तर अनघा म्हणते त्या मेंदूच्या डॉक्टरकडे जाईन, आणि पुढचं सगळं तिच्यावर सोपवीन. तुम्ही बघून सांगा, सरोजताई. तुमची नजर शिंप्याची, टाका चुकणार नाही."

एवढं सगळं ऐकून मी भिंग पर्समध्ये टाकलं.

बर्फ पडला. हिमाचलात, नारकंड्याला, दुपारच्या जेवणानंतर. आधी वाटलं, कुठे कापूस पिंजताहेत. मग शिवण्णा ओरडला, "अक्का! बंतु! बंतु!" — आला, आला — आणि एवढा थोरला गडी रस्त्यात मांडी घालून रडायला लागला. सगळे नाचत होते, जिभा बाहेर काढून उभे होते. मीसुद्धा हसले, ओरडले. तीन वर्षं ज्यासाठी झुरलो ते अंगावर पडत होतं, आणि मी सुखी होते. हे मी लपवणार नाही.

मी स्वतः शिवलेला निळा लोकरी कोट घातला होता. बाहीवर कण पडत होते आणि घटकाभर तसेच टिकत होते. मी भिंग काढलं. चांदणी. सहा हात. दुसरा कण बघितला — सहा हात, प्रत्येक हाताला बारीक काड्या, एकसारख्या. तिसरा, चौथा. एकही सुई नाही. जन्मभर मी कशिदा काढला, इतकं नेमकं माझ्या हातून कधी झालं नाही. त्या माणसाचं गणित तंतोतंत बरोबर होतं.

शिवण्णाने सरांना व्हिडिओ कॉल लावला. रेंज नव्हती, चित्र येईना, नुसता आवाज. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा बर्फात पळाला.  सरांनी हळूच विचारलं, "काय पडतंय, सरोजताई?"

तेव्हा माझ्यापाशी कुणी नव्हतं. भिंग माझ्या हातात, बाही डोळ्यांसमोर. मला काय आठवलं, सांगू? माझ्या गच्चीवर टेप गुंडाळतानाचा त्यांचा चेहरा. बस. अख्ख्या हिमाचलात मला दुसरं काही आठवलं नाही.

मी म्हटलं, "सुया आहेत सर. नुसत्या सुया आणि चुरा."

 "नीट बघितलंत ना?"

"भिंगातून बघितलं. चांदणी एकही नाही."

"म्हणजे हेही चुकलं," ते म्हणाले. रागाने नाही. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर तपासावं तसं. मग म्हणाले, "बरं. थंडी आहे, जपून राहा सगळे." फोन ठेवला.

मेण लावलं तेव्हा मला पुढचं माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण नारकंड्याला सगळं माहीत होतं. त्या एका शब्दावर काय अवलंबून आहे, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं होतं. आणि तरी मी 'सुया' म्हटलं. कुणाच्या भीतीने नाही, रागाच्या भरातही नाही. थंड डोक्याने.

सर त्या डॉक्टरकडे गेले. तपासण्यांत काही निघालं नाही, पण सरांनी ते मानलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्याही सुरुवातीला काही निघालं नव्हतं, म्हणाले. सह्यांचे अधिकार अनघाच्या नावावर केले. पेटीचं दार बंद ते बंद. शिकवणीला येणाऱ्या दोन मुलांना त्यांनी हात जोडून दुसरीकडे पाठवलं. हे सगळं मला वेळोवेळी कळत राहिलं, कारण अनघाचे ब्लाउज माझ्याकडेच असतात.

मागच्या आठवड्यात दोन ब्लाउज द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दार सरांनीच उघडलं. मला ओळखलं, नावाने हाक मारली, बसा म्हणाले. मग दारातच घुटमळले, आणि जरा लाजून विचारलं, "आज वार कोणता हो, सरोजताई? मला बुधवार वाटतोय. पण माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही."

बुधवारच होता. मी म्हटलं, "बुधवार, सर."

कॅलेंडर त्यांच्या मागच्याच भिंतीवर होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच," म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.